बाळंतिणीचं पाणी

माझ्या मायचा ठाम समज होता की बाळंतीण म्हणजे पावसात भिजलेली मातीची भिंत. ती नीट वाळली नाही तर पुढं जन्मभर कुठून ना कुठून ढासळत राहते. म्हणून तिला धुरी द्यायची, शेक द्यायचा, वारा लागू द्यायचा नाही, आणि खायला जे द्यायचं ते कोरडं आणि गरम द्यायचं. माझ्या पहिल्या खेपेला तिनं मला अशी वाळवायला घेतली. त्याच वर्षी आभाळानं आमचा अख्खा तालुका वाळवायला घेतला होता.

माझं माहेर अहमदपूरचं. लातूर नवा जिल्हा झाला आणि आमचा तालुका त्यात गेला, त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. वडील शाळेत कारकून होते. शाळेच्या फाटकावरची जुन्या जिल्ह्याची अक्षरं त्यांनी स्वतः शिडीवर चढून पुसली आणि नवी रंगवली. ‘लातूर’मधला ‘ला’ ऐसपैस झाला आणि ‘र’ला कमानीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभं राहावं लागलं, पण त्यांना त्या पाटीचं फार कौतुक. घरी येईल त्याला सांगायचे, “आता सकाळच्या गाडीनं जिल्ह्याला गेलं की माणूस दुपारी घरी जेवायला.” माय चुलीपुढून विचारायची, “जिल्हा आला, लई चांगलं झालं. पाणी कवा येणार हाय?” मग वडील चष्मा पुसायला लागायचे.

पावसानं लागोपाठ दगा दिला होता. गल्लीतल्या आडात पोहरा सोडला की तो तळाच्या दगडावर खडखडायचा. टँकर यायचा तेव्हा यायचा. त्याची वाट बघत गल्लीभर घागरी, हंडे, डालड्याचे डबे रांगेत मांडून ठेवलेले असायचे आणि माणसं आपापल्या सावलीत बसलेली असायची. कुणाची घागर कुणाच्या पुढं सरकली यावरून सकाळी भांडण व्हायचं आणि संध्याकाळी त्याच दोघी एकमेकींच्या उंबऱ्यावर बसून वाती वळायच्या.

सासर माझं मुदखेडला. नवरा रेल्वेत. तिथं इंजिनांना पाणी लागतं म्हणून माणसांनाही मिळायचं. फलाटाच्या टोकाला पाण्याचा उंच लोखंडी खांब होता. त्याची सोंड इंजिनावर फिरवली की पाणी धो धो आत पडायचं, आणि सोंड बाजूला घेताना बादलीभर तरी रुळांवर सांडायचं. लग्न होऊन नवीन नवीन गेले तेव्हा ते सांडणारं पाणी बघून माझा जीव वरखाली व्हायचा. नवरा हसायचा. म्हणायचा, “तू अहमदपूरची आहेस हे सांगायची गरजच नाही.”

दिवस भरत आले तशा सासूबाई म्हणाल्या, “इथंच कर बाळंतपण. पाणी हाय, दवाखाना हाय. तिकडं दुष्काळात जाऊन काय करतीस?” हा निरोप मायच्या कानावर गेला आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पहिलं बाळंतपण माहेरचं, तो तिचा मान. तिनं वडिलांना तडक मला आणायला पाठवलं. मुदखेडहून रेल्वेनं नांदेड, नांदेडहून एसटी. गोदावरीच्या पुलावरून गाडी जाताना मी खिडकीला नाक लावून बसले होते. पात्रात वाळूच जास्त होती, मधे पाण्याची एक पट्टी होती आणि तिच्यात म्हशी डुंबत होत्या. पूल सरला तरी मी मागं वळून बघत राहिले. वडील म्हणाले, “मान अवघडेल, बाई.” मग मी सरळ बसले.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मायनं आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि थेट मधल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं तिनं जय्यत तयारी करून ठेवली होती. बाज, बाजेखाली निखाऱ्यांची पाटी, खिडकीच्या फटींना कोंबलेली चिंधी, दाराला घोंगडी. माझ्या कानात कापूस, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, पोटावर जुन्या लुगड्याचा पट्टा. निखाऱ्यावर ओवा, शेपा आणि लसणाची सालं पडली की धूर बाजेच्या सुतळीतून वर यायचा आणि मी त्यात तरंगायला लागायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. डोळे चुरचुरायचे, पण बाळंतपणात उसवलेलं अंग कुणीतरी आतून हळूहळू शिवत असल्यासारखं वाटायचं.

खाणं म्हणाल तर राजेशाही. सकाळी डिंकाचा लाडू. त्यात खारीक, खोबरं, खसखस, आणि गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा फोडताना हात उततात, म्हणून माय हाताला खोबरेल चोपडून उन्हात बसून तो फोडायची. तरी तिच्या बोटांवर काळे डाग पडलेले होते. जेवायला गरम भाकरी, वर तूप, लसणाची चटणी, वाळवलेल्या मेथीची भाजी. जेवण झालं की भाजलेला ओवा आणि बाळंतशेपा चावून चावून खायच्या. दुष्काळात हे सगळं तिनं कुठून जमवलं होतं, देव जाणे. बाळंतविड्याचं गाठोडं तिनं म्हणे माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून बांधायला घेतलं होतं.

कमी होतं ते फक्त पाणी. बाळंतिणीनं पाणी बेतानं प्यायचं, ही मायची रीत. कच्चं पाणी तर शिवायचंसुद्धा नाही. शेपा टाकून उकळलेलं, निम्मं आटवलेलं, ते पितळेच्या फुलपात्रातून दोन-चार घोट. “ढसाढसा पाणी प्यायलं की पोट सुटतं, अंगावर सूज येती, लेकराच्या छातीत कफ हुतो,” ती एका दमात सांगायची. मी पहिलटकरीण. मला काय कळतंय? वाळायचं म्हटलं म्हणजे पाणी कमी, हे मला पटलंही होतं.

अंघोळीची तर तिनं भलतीच युक्ती काढली होती. एरवी बाळंतिणीला हंडाभर कढत पाण्यानं न्हाऊ घालतात. ती मोठ्या परातीत पाट ठेवायची, मला तेल-हळद चोळून पाटावर बसवायची आणि तांब्यानं बारीक धार धरायची. अंगावरून ओघळलेलं पाणी परातीत साठायचं. त्यात बाळाची बाळुती निघायची, आणि बाळुत्यांचं पाणी मागच्या पपईच्या झाडाला जायचं. पपई त्या वर्षी कडू लागली असं वडिलांचं मत होतं. माय म्हणाली, तुम्हाला कोण खा म्हणालं होतं.

दिवसरात्रीचा हिशोब त्या खोलीत उरला नव्हता. छताच्या झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा आत यायचा आणि भिंतीवरून हळूहळू चालत जायचा. तो कोनाड्यापाशी आला की मायचा लाडू यायचा, दारापाशी गेला की शाळा सुटल्याचा गलका ऐकू यायचा. मधल्या वेळात मी अर्धी जागी, अर्धी झोपलेली. मुलगी कुशीत. तिचा श्वास माझ्या दंडावर. धुरातून मला कधी गोदावरीतल्या त्या म्हशी दिसायच्या, कधी आमच्या अंगणात इंजिन उभं दिसायचं. ते फुसफुसत यायचं, खांबाची सोंड त्याच्या पोटात पाणी सोडायची, पाणी काठोकाठ भरून अंगणात सांडायचं, ओसरीवर चढायचं, माझ्या बाजेखालचे निखारे चर्र करून विझायचे. मी हात खाली सोडून ओंजळ भरणार, तेवढ्यात माय लगबगीनं यायची आणि इंजिनालाच रागवायची, “कच्चं पाणी पिऊ नगं!” मी हसत जागी व्हायचे. जीभ टाळूला चिकटलेली असायची.

हे सगळं गोड होतं, आणि त्याच गोडव्यात माझं दूध आटायला लागलं होतं.

सुरुवातीला चांगला पान्हा होता. मुलगी प्यायची, ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ यायचा. मग हळूहळू ती पिता पिता थांबायला लागली, डोकं इकडून तिकडं घासायला लागली, ओढून ओढून दमायची आणि रडायची. एका बाजूचं संपलं म्हणून दुसऱ्या बाजूला घ्यावं तर तिथंही तेच. पुढं तिचं रडणंही बारीक होत गेलं. सुरुवातीला ती रडली की शेजारचं कुत्रं भुंकायचं. आता मलाच कान देऊन ऐकावं लागायचं, ही रडते आहे की नुसती कण्हते आहे. बाळुतीही फारशी ओली होईनाशी झाली. मायनं एकदा दोरीवरची बाळुती चाचपली आणि तशीच आत आली. मला भीती वाटायला लागली. ही पोर माझ्या कुशीत, एवढं तूप-गोडंबी खाणाऱ्या आईच्या कुशीत, उपाशी मरणार की काय, या विचारानं मी दचकून तिच्या नाकापुढं बोट धरायचे.

शेजारच्या एका बाईनं दारातूनच सुचवलं, “डब्याचं दूध का न्हाई देत? दुकानात मिळतंय आता.” मायनं तिच्याकडं असं काही बघितलं की ती बाई उलट पावली गेली. “माझ्या हातचं खाऊन माझ्या लेकीला दूध न्हाई?” माय माझ्यापुढं फणकारली. “लोक मला काय म्हणतील? हिच्या सासरचे काय म्हणतील?” आणि तिनं लाडवातली गोडंबी वाढवली. मेथी वाढवली. डिंक वाढवला. निखारे वाढवले. ती जितकं वाढवत गेली, तितकी मी कोरडी पडत गेले.

तहान तर मला अशी लागायची की सांगता सोय नाही. पण मी तिच्याकडं पाणी मागितलं नाही. बाजेवर पडल्या पडल्या मला ऐकू यायचं ना सगळं! टँकरचा भोंगा, घागरींची आदळआपट, माय धापा टाकत आत येऊन रांजणात घागर रिकामी करायची तो आवाज. तो आवाज दिवसेंदिवस थोडक्यात संपायला लागला होता. रीतच कमी पाण्याची आहे, बरंच झालं, असं मी मनाशी म्हणायचे. निदान माझ्यामुळं तिला जास्तीची खेप नको. कधी ती फुलपात्र जरा जास्त भरून आणायची. “घे, आज थोडं जास्त हाय.” मी दोन घोट घेऊन परत करायचे. “नको माय, शेपाचा वास येतोय.” ती आग्रह करायची, मी मान फिरवायचे. ती ते उरलेलं अर्धं फुलपात्र घेऊन जायची आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा माझ्यापुढं यायचं. मी पुन्हा नको म्हणायचे. ते अर्धं फुलपात्र दिवसभर आम्हा दोघींच्या मधे असं येरझाऱ्या घालायचं, आणि आम्ही दोघी तोंडानं रीतीचंच नाव घ्यायचो.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, ते सव्वा महिन्यावर ढकललं. वडिलांनी नांदेडच्या गाडीच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडं तोंडी निरोप धाडला की उन्हाळा फार आहे, बारसं पुढं करतो, तुम्ही तकलीफ घेऊ नका. वडिलांना वाटलं, झालं, निभावलं. सासूबाईंना मात्र तो निरोप बरोबर उलटा पोचला. उन्हाळा काय, तो तर दरसालचा. बारसं पुढं ढकलतात म्हणजे पाहुण्यांच्या हातपाय धुण्याला पाणी नाही, एवढं त्यांना कळलं. दुसऱ्याच दिवशी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या.

माझ्या सासूबाई म्हणजे उंच्यापुऱ्या, आवाज खणखणीत, बोलणं सरळ. त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात दूधवाल्यांची असते तसली ॲल्युमिनियमची मोठी कॅन, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. एसटीत कंडक्टरनं दूध समजून विचारलं म्हणे, मावशी, कुणाच्या लग्नाचं? यांनी झाकण उघडून दाखवलं तर तो पुढच्या सीटकडं वळला. मुदखेडच्या रेल्वेच्या टाकीचं पाणी होतं ते.

मायनं ती कॅन बघितली आणि तिचा चेहरा उतरला. आम्ही सुनेसाठी पाणी आणलं, म्हणजे तुमच्या घरात पाणी नाही. कुणी बोललं नसलं तरी त्या कॅनचा अर्थ तिनं तसाच लावला. “कशाला एवढा भार वाहिलात, ईनबाई,” ती कोरडं हसून म्हणाली. “देवाच्या दयेनं हाय आमच्याकडं.”

सासूबाई घोंगडी बाजूला सारून माझ्यापाशी आल्या. धुरात त्यांनी डोळे बारीक केले. आधी मुलीला उचललं. अंगठा तिच्या टाळूवर ठेवला. टाळू खोल गेली होती. मग त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. माझे ओठ फुटले होते, बोलताना त्यांना चिरा पडायच्या.

“पाणी पितीस का न्हाई?”

“पिते,” मी म्हणाले. “बेतानं. रीत आहे ना.”

त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, तांब्या भरला आणि माझ्या तोंडाशी धरला. त्या पाण्याचा गार वास मला अजून आठवतो. मी हात पुढं केला आणि मायनं मधेच येऊन तो तांब्या धरला.

“कच्चं पाणी! ओल्या बाळंतिणीला!”

“ओली?” सासूबाईंचा आवाज चढला. “ही कुठं ओली हाय? पार वाळून गेली पोरगी. अहो, पाचवी पुजली की पाणी मोकळं करतेत. आमच्यात बी तेच, तुमच्यात बी तेच. तुम्ही अजून कशापायी बांधून राहिलात?”

“माझी लेक हाय. माझ्या घरात माझ्या रीतीनं हुईल.”

“आन् माझी नात मरू देऊ का तुमच्या रीतीपायी?”

तांब्या दोघींच्या हातात होता. पाणी हिंदकळून माझ्या लुगड्यावर सांडलं आणि मला त्या दोघींचाही इतका राग आला! मी ओरडले, “सांडू नका! तुमचं काय भांडायचं ते भांडा, पण सांडू नका!” माझा आवाज घोगरा, फाटका निघाला. मुलगी दचकली. मायनं तांब्या सोडून दिला, पदर तोंडाला लावला आणि मागच्या अंगणात निघून गेली.

सासूबाई तिच्यामागं जायला उठल्या. अजून बरंच बोलायचं राहिलं होतं त्यांचं, चालण्यावरून कळत होतं. अंगणात जायचं तर स्वयंपाकघरातून जावं लागायचं. तिथं त्यांची पावलं थांबली. मला रांजणाची झाकणी उचलल्याचा आवाज आला. मग रांजणात वाटी बुडवावी तसा, पण बुडली नाही, नुसती तळाला घासली. ते घासणं त्या दुपारी घरभर ऐकू आलं. मग झाकणी अगदी हळू, चोरून ठेवावी तशी परत ठेवली गेली.

त्या अंगणात गेल्या. मी कान टवकारून बसले होते. आता काय काय ऐकावं लागतंय याची धास्ती घेऊन. पण सासूबाईंचा आवाज वेगळाच निघाला. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“ईनबाई, तुमचं बरोबर हाय. कच्चं पाणी नगंच. चला, आपण उकळू. शेपा कुठं ठेवल्यात तुमी?”

मायचा नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, “फळीवर. निळ्या डब्यात.”

त्या दोघींनी मिळून चूल पेटवली. पाणी उकळलं, आटवलं मात्र नाही. कोमट झालं तसं सासूबाईंनी फुलपात्र बाजूला ठेवलं आणि तांब्याच माझ्या हातात दिला. मी प्यायले. श्वास घ्यायला थांबले आणि परत प्यायले. पाणी छातीतून खाली उतरताना कळत होतं. दुसरा तांब्या आला. मायकडं बघायचं मी टाळलं. संध्याकाळपर्यंत मी पीत होते, झोपत होते, उठून परत पीत होते, आणि त्या दिवशी माझ्या स्वप्नात इंजिन आलं नाही. मुलीला सासूबाई उकळलेलं कोमट पाणी कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब चाटवत होत्या. दूध म्हणाल तर अजून नव्हतं. रात्रभर ती ओढत राहिली आणि मी देवाचं नाव घेत राहिले.

आता माझ्या मुलीची बाळंतपणं झाली, नातीचंही आलं. डॉक्टर सांगतात तहान लागेल तितकं पाणी प्या, आणि दूध येणं काही एकट्या पाण्याच्या हातात नसतं, जिवाला स्वस्थता लागते. खरं असेल. मला त्यातलं कळतं ते एवढंच, की त्या खोलीत स्वस्थ कुणीच नव्हतं. माय मला पाणी नाही असं कधी म्हणणार नव्हती. पहिलं बाळंतपण हट्टानं माहेरी आणायचं आणि लेकीला पाणी नाही म्हणायचं, यापेक्षा तिला मरण बरं वाटलं असतं. पाचव्या दिवशी जी रीत संपायची, ती तिनं लांबवली आणि तिच्या आड उभी राहिली. आणि मी तहान नाही म्हणून त्याच रीतीच्या दुसऱ्या बाजूला उभी. तिची मला दया येत होती आणि माझी तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन नेहमीसारखं कोनाडा ओलांडून दाराकडं सरकलं होतं. घोंगडी सासूबाईंनी वर सरकवून ठेवली होती, थोडा उजेड आत येत होता. माझं पिऊन झालं होतं. माय उंबऱ्यावर बसली होती, हातात कालचंच एक बाळुतं, उगाच घड्या घालत. सासूबाईंनी कॅनमधून तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला.

“घ्या.”

“नगं, मला कशाला? तिला राहू द्या.”

“तिचं झालंय. तुमी घ्या.”

“लेकीच्या सासरचं पाणी...” माय पुटपुटली. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. वडील मला न्यायला मुदखेडला आले होते तेव्हा फलाटावरच्या नळाला तोंड लावून घरी आले होते.

“अहो, ते मूल होईस्तोवर,” सासूबाई म्हणाल्या. “आता झालं की. हे काय, तुमच्या लेकीच्या कुशीत पडलंय. आता आमच्या घरचं पाणी तुम्हाला चालतंय. प्या मुकाट्यानं.”

मायनं तांब्या घेतला. मान राखायचा म्हणून एक घोट घ्यावा, अशा बेतानं तिनं तो वर धरला. माझी माय जन्मभर वरून पाणी प्यायची, भांडं तिनं कधी उष्टं केलं नाही. पहिली धार तिच्या तोंडात पडली. ती थांबली. मग तिनं तांब्या खाली आणला, ओठांना लावला आणि प्यायला लागली. दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. घोटाघोटाला तिचा गळा हलत होता. पाणी हनुवटीवरून ओघळून तिच्या चोळीत जात होतं आणि ती ते पुसत नव्हती. तांब्या रिकामा झाला तरी तिनं तो तोंडाचा काढला नाही. सासूबाईंनी तो हळूच तिच्या हातातून घेतला, भरला, परत दिला. तिनं तोही संपवला.

मी बघत होते. माझ्या वाट्याला येणारे ते दोन-चार घोट कुणाच्या वाट्यातून येत होते, हे मला तेव्हा कळलं. मी बाजेवर पडून माझीच तहान मोजत होते आणि ही बाई उन्हात बिब्बे फोडत होती, रांगेत उभी राहत होती, माझी बाळुती धूत होती, आणि त्यातलं काही पीत नव्हती. माय गं, मी मनात म्हणाले. माझ्या छातीत कळ आली, दोन्हीकडं एकदम, सुया टोचाव्यात तशी. चोळी ओली झाली. मला वाटलं मी रडते आहे, पण ते डोळ्यांचं पाणी नव्हतं. दूध चोळीतून बाहेर येऊन पोटावरच्या पट्ट्यात उतरत होतं, आणि मी मायकडं बघत तशीच बसून होते.

सासूबाईंचं माझ्याकडं लक्ष गेलं.

“अगं, बघतीस काय नुसती? लेकरू घे. वाया चाललंय.”